नटवलेल्या आज्ञा

संगणकाशी बोलण्याची एक जुनी रीत अद्याप टिकून आहे. तिच्यात चित्रे नसतात, बटणे नसतात. कोऱ्या ओळीच्या आरंभी एक चिन्ह येऊन थांबते. माणसाने त्यापुढे आज्ञा टंकायची, आणि यंत्राने तिचे उत्तर द्यायचे किंवा गप्प राहायचे. हिला ‘कमांड लाइन’ म्हणतात. ही रीत शिकवणारे लेखन आज विपुल आहे आणि त्यातले पुष्कळसे जाणकारांनी, कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता केलेले आहे. त्यांच्या ज्ञानाविषयी आम्हांला आदर आहे. आमचे भांडण त्यांच्या मांडणीशी आहे. आज्ञांची उदाहरणे ‘आकर्षक’ करून दाखवण्याचे एक वेड या लेखनात शिरले आहे: काळीभोर चौकट, तिचे गोलावलेले कोपरे, डावीकडे वर तांबडा-पिवळा-हिरवा असे तीन ठिपके, मागे जांभळ्या रंगाची झाक, आणि मध्यभागी सहा-सात रंगांत न्हालेली आज्ञा. हे वेड निरुपद्रवी नाही. ते वाचकाचा घात करते, आणि ज्या वाचकाचे ज्ञान सर्वांत थोडे त्याचा सर्वांत अधिक करते.

मराठीच्या प्राध्यापकांना या उठाठेवी कशाला, असे कोणी विचारील. त्याला आमची दोन उत्तरे आहेत. एक तर मजकूर जसा आहे तसा पुढच्या हाती पोचतो की नाही, हे पाहणे हाच आमचा धंदा आहे. पाठ, पाठभेद, प्रक्षेप, लेखनिकाचे प्रमाद यांवर आम्ही वर्गात तासन्‌तास बोलतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ही घटना आम्ही मराठी वाङ्मयेतिहासातील एक मोठे कार्य म्हणून शिकवतो; कोणी वीस प्रती सोन्याच्या शाईने लिहून काढल्या असत्या तर तिचा एवढा गौरव झाला नसता. दुसरे उत्तर अधिक व्यवहाराचे आहे. आमचे विद्यार्थी आता जुनी नियतकालिके पानापानाने स्कॅन करतात, त्या प्रतिमांतून अक्षरे ओळखून घेतात, जुन्या टंकांतला मजकूर युनिकोडमध्ये आणतात, आणि मग त्या ढिगातून शब्द शोधतात. या कामाची फुकट आणि चांगली साधने बव्हंशी कमांड लाइनवरची आहेत. तेव्हा साहित्याचा विद्यार्थीही आता त्या काळ्या चौकटीसमोर बसलेला असतो, आणि चौकटीत काय छापले आहे यावर त्याचे काम अवलंबून असते. (आज्ञांची नावे आम्ही येथे देवनागरीत लिहीत आहोत. हा लेख वाचण्यासाठी आहे, चालवून पाहण्यासाठी नाही. चालवून पाहायच्या मजकुराला हे स्वातंत्र्य नसते, हाच तर वाद आहे.)

मुळात आज्ञेचे उदाहरण म्हणजे काय, हे नीट ठरवले पाहिजे. आमच्या मते ते अवतरण आहे, आणि तेही सर्वांत कडक प्रकारचे. कवितेची ओळ उद्धृत करताना एखादा स्वल्पविराम गळला तर तो दोषच. पण वाचक कविता ओळखतो, अर्थ सावरून घेतो. मोडीत तर शब्दांमध्ये जागाच सोडत नसत. डोक्यावरची रेघ आधी ओढून घ्यायची आणि खाली अक्षरे सलग लिहीत जायची. तरीही पेशव्यांचे दफ्तर चालले, कारण वाचणाऱ्या कारकुनाला संदर्भ ठाऊक होता. आज्ञा वाचून ती राबवणारी जी प्रणाली असते, जिला ‘शेल’ म्हणतात, तिला संदर्भ नसतो. लेखकाला काय अभिप्रेत असावे असा विचार ती करीत नाही. तिच्यापुढे जे ठेवले तेच ती करते.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण २०११ सालचे आहे. लिनक्सवर चालणाऱ्या ‘बम्बलबी’ नावाच्या एका मुक्त प्रकल्पाच्या स्थापना-आज्ञावलीत फाइली पुसणारी ‘आरएम’ ही आज्ञा होती. पुसायचा होता एका लांबलचक मार्गाच्या टोकाचा लहानसा भाग. पण त्या मार्गात ‘यूएसआर’ या शब्दानंतर एक मोकळी जागा पडली. एकच. शेलच्या दृष्टीने त्या जागेने एका मार्गाचे दोन मार्ग झाले, आणि ज्यांनी ती आज्ञावली चालवली त्यांच्या संगणकातली ‘यूएसआर’ ही संपूर्ण शाखा, म्हणजे बहुतेक सारी प्रणाली, पुसण्याची आज्ञा दिली गेली. ही चूक कोणा सजावटकाराची नव्हे, हे आम्ही मान्य करतो. पण जेथे एका मोकळ्या जागेचे मोल इतके असते, तेथे मजकुराच्या प्रत्येक जागेला, रेघेला आणि टिंबाला हात लावण्याआधी दहा वेळा विचार केला पाहिजे, एवढे तरी तिच्यावरून सिद्ध होते की नाही?

सजावटीची बाधा पहिल्यांदा होते ती नेमकी विरामचिन्हांना. मराठीत विरामचिन्हांची शिस्त आली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडीसारख्यांच्या आग्रहाने. तोवर आमचे दंडावर भागत होते. त्यामुळे विरामचिन्ह ही वाचकाच्या सोयीची, मजकुरावर बाहेरून घातलेली गोष्ट आहे असा एक संस्कार आमच्यात खोल रुजला आहे. आज्ञेत तसे नाही. तेथे विरामचिन्ह हा क्रियापदाइतकाच मुख्य भाग असतो. सरळ उभे अवतरणचिन्ह शेलला सांगते की आतले सारे शब्द एक समजावेत. लेखन-प्रणाली मात्र शालीनपणाने त्या सरळ चिन्हांची वळणदार चिन्हे करते, सहा आणि नऊच्या आकाराची, कारण छापील पानावर ती शोभतात. शेलच्या लेखी ही वळणदार चिन्हे म्हणजे इतर अक्षरांसारखीच अक्षरे. तिला त्यांत बांधण्याची शक्ती दिसत नाही. समजा, शब्द शोधणाऱ्या ‘ग्रेप’ या आज्ञेला अशा वळणदार चिन्हांत घालून एखादा शब्द दिला, तर ती त्या चिन्हांसकट शब्द शोधू लागते. तसा मजकूर फाइलीत नसतो. चूक झाल्याची सूचना मिळत नाही. उत्तरादाखल मिळते ते नुसते मौन, म्हणजे असे काहीच नाही. यंत्र खोटे बोललेले नसते, विद्यार्थी मात्र फसतो.

संयोगचिन्हाचे तेच. आज्ञेला जे पर्याय द्यायचे ते आखूड आडव्या रेघेने सुरू होतात, काही दोन रेघांनी. सुंदर छपाईची परंपरा सांगते की दोन आखूड रेघा शेजारी आल्या की त्यांची एक लांब रेघ करावी. डोनल्ड कनूथने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली रचली तेव्हा त्याने हा संकेत तीत बसवला: दोन रेघांची मध्यम रेघ, तिघींची लांब अपसारणचिन्हाची रेघ. गद्यासाठी तो उत्तम आहे, आणि आम्ही स्वतः त्याचे चाहते आहोत. पण हाच संकेत आज्ञेला लावला की पर्याय हा पर्याय राहत नाही; शेलपुढची आज्ञा त्याला फाइलीचे नाव समजते आणि अशी फाइल नाही म्हणून परत पाठवते. दोन्ही रेघा डोळ्याला जवळजवळ सारख्याच दिसत असल्यामुळे शिकणारा तीच ओळ चार वेळा टंकतो, आणि शेवटी आपल्याला हे जमणार नाही असे ठरवून मोकळा होतो. पानावरून उचलताना साध्या जागेऐवजी ‘न तुटणारी जागा’ हाती आली तर आणखी वाईट, कारण ती डोळ्यांना दिसतच नाही.

येथे मराठी वाचकांच्या परिचयाची एक गंमत सांगून टाकतो. ओवी वा श्लोक टंकताना पुष्कळ जण दंडासाठी इंग्रजी कळफलकावरची उभी रेघ वापरतात. देवनागरीचा खरा दंड युनिकोडमध्ये वेगळा आहे, पण दिसायला दोघे भाऊ. कमांड लाइनवर त्या उभ्या रेघेला ‘पाइप’ म्हणतात. एका आज्ञेचे उत्तर दुसऱ्या आज्ञेच्या तोंडी देणारा हा नळ डग्लस मॅकिलरॉयच्या कल्पनेतून निघाला आणि १९७३ मध्ये युनिक्समध्ये आला. आजवर त्या प्रणालीची जी कीर्ती झाली तिचा मोठा वाटा या एका रेघेकडे जातो. एखाद्या सोज्ज्वळ संपादकाने मराठी लेखातल्या सर्व उभ्या रेघा ‘शुद्ध’ करून तेथे दंड बसवले, तर ओव्या सुधारतील आणि आज्ञा मरतील. शुद्धलेखन कशाचे करतो आहोत, हे आधी ओळखावे लागते.

आता बोलणारा कोण, या प्रश्नाकडे येऊ. आमच्या मते मांडणीचे खरे काम येथेच सुरू होते, आणि आकर्षकतेचे उपासक नेमके येथेच हात वर करतात.

कमांड लाइनवरचे उदाहरण हा संवाद असतो. त्यात निदान तीन आवाज असतात. आरंभीचे चिन्ह, बहुधा डॉलरचे, हे यंत्राचे ‘बोला’. पुढची आज्ञा माणसाची. खालचे उत्तर पुन्हा यंत्राचे. कित्येकदा चौथाही आवाज असतो, तो लेखकाचा: ‘येथे तुमच्या फाइलीचे नाव घाला’. नाटकाच्या छापील संहितेत पात्रांची नावे काढून टाकली आणि कंसातल्या रंगसूचनाही संवादात मिसळल्या, तर ती संहिता कोणी हाती धरील काय? युनिक्स बेल प्रयोगशाळेत आकाराला आले तेव्हा पडदे नव्हते. टेलिटाइप यंत्रावर कागदाचा रोल फिरत असे आणि माणसाचे बोलणे व यंत्राचे उत्तर एकाच वळणाच्या अक्षरांत एकाखाली एक छापले जाई. समोर बसलेल्याला आपण काय टंकले ते आठवत असे, म्हणून तेथे अडचण नव्हती. तोच संवाद पुस्तकात आला तेव्हा मात्र अडचण उभी राहिली, कारण वाचक त्या यंत्रासमोर बसलेला नव्हता. तिचे उत्तर जुन्या मंडळींनी विचारपूर्वक शोधले. ब्रायन कर्निहन आणि रॉब पाइक यांनी युनिक्सवर १९८४ मध्ये जे पुस्तक लिहिले त्यात वाचकाने टंकायचे ते तिरप्या अक्षरांत, यंत्राचे उत्तर टंकलेखन-यंत्राच्या वळणाच्या अक्षरांत आणि लेखकांचे स्पष्टीकरण इटालिकमध्ये, असा भेद केलेला आहे. काळ्या शाईचे साधे पान. एकही रंग नाही. पण कोण बोलत आहे याविषयी क्षणभरही संभ्रम होत नाही. ओरायली प्रकाशनाने पुढे हीच वाट धरली: टंकायचे ते समान रुंदीच्या ठळक अक्षरांत, वाचकाने बदलून घालायचे ते समान रुंदीच्या तिरप्या अक्षरांत, आणि हा संकेत पुस्तकाच्या आरंभीच सांगून टाकायचा.

त्याहून लाजेची गोष्ट अशी की एचटीएमएलमध्ये या आवाजांसाठी वेगवेगळ्या खुणा निदान १९९५ पासून, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीपासून उपलब्ध आहेत. माणसाने टंकायचे त्याला ‘केबीडी’, यंत्राने दिलेले उत्तर ‘सॅम्प’, बदलून घालायचा शब्द ‘व्हार’. बहुतेक लेखक या तिन्ही खुणा बाजूला ठेवतात, सगळा संवाद ‘कोड’ म्हणून एका पोत्यात भरतात, आणि मग त्या पोत्यावर वेलबुट्टी काढतात. रंग देणारे यंत्र त्या पोत्यातल्या प्रत्येक ओळीला आज्ञावलीची ओळ समजते. यंत्राच्या उत्तरात ‘फॉर’ किंवा ‘इफ’ हा साधा इंग्रजी शब्द आला तरी तो निळा होतो. उत्तरात एखादा एकाकी अपोस्ट्रॉफी आला की येथून अवतरण सुरू झाले अशा समजुतीने उरलेला मजकूर शेवटपर्यंत हिरवागार. हे रंग अर्थ सांगत नाहीत. चुकीचा अर्थ ठासून सांगतात. रंग देणाऱ्या साधनांचे कर्ते हा भेद जाणतात. २००६ पासून वापरात असलेल्या ‘पिग्मेंट्स’मध्ये शेलची आज्ञावली आणि शेलशी झालेला संवाद यांसाठी वेगवेगळी सोय आहे. ती निवडायला एक शब्द पुरतो. पण तो एक शब्द लिहिण्यासाठी आधी ‘हा संवाद आहे’ हे लेखकाच्या मनात आलेले असावे लागते.

मांडणी आणि सजावट यांतला फरक पाहायचा तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडावी. १९१९ मध्ये हाती घेतलेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. तिच्या पानावर ज्या पाठाविषयी संपादकांची खात्री नाही त्याच्याखाली एक नागमोडी रेघ असते. आणि पानाच्या तळाशी पाठभेद, कोणत्या हस्तलिखितात काय आहे याच्या खुणांसह. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते पान रुक्ष, किचकट वाटते. पण त्यातल्या प्रत्येक खुणेला काही सांगायचे असते, आणि जिला काही सांगायचे नाही अशी खूण तेथे नाही. आम्ही त्या पानाला सुंदर म्हणतो, आणि हे म्हणताना कसलीही अतिशयोक्ती करीत नाही. काळ्या चौकटीतले तीन ठिपके काय सांगतात? तर ॲपलच्या संगणकावर खिडक्यांच्या कोपऱ्यात असे ठिपके असतात, एवढेच. दाबले तर खिडकी मिटतही नाही. लेखकाजवळ कोणता संगणक आहे, हे वाचकाला कळून त्याचा काय लाभ?

या वेडाची परिसीमा म्हणजे आज्ञेचे चित्रच करून टाकणे. ‘कार्बन’सारख्या साधनांत मजकूर घातला की त्याची नटवलेली प्रतिमा हाती पडते, आणि लेखक ती जशीच्या तशी लेखात चिकटवतो. मजकूर संपला, उरले ते मजकुराचे छायाचित्र. त्यातून आज्ञा उचलता येत नाही, शोधणाऱ्याला ती सापडत नाही, चूक आढळली तर एक अक्षर दुरुस्त करता येत नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनावर विसंबणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला तेथे ‘प्रतिमा’ एवढाच शब्द ऐकू येतो. आमच्या वर्गांत असे विद्यार्थी असतात, आणि कमांड लाइन, जी सारी अक्षरांचीच बनलेली आहे, ती त्यांना बटणांच्या जगापेक्षा जवळची ठरू शकते. अक्षरांची ती एकमेव खिडकी आम्ही चित्राने लिंपून टाकतो, तीही शोभेसाठी.

चित्र पाहून हाताने टंकायचे म्हटले तर अक्षरे तरी ओळखू यावीत. अक्षर-ओळखीच्या ‘टेसरॅक्ट’ या साधनाचे उदाहरण घेऊ, कारण आमच्या विद्यार्थ्यांना ते रोज लागते. १९८५ पासून पुढे ह्यूलेट-पॅकर्डमध्ये घडलेले हे साधन २००५ मध्ये सर्वांसाठी मुक्त झाले. त्याला भाषा सांगावी लागते: आखूड रेघ, तिला लागून इंग्रजी ‘एल’ हे लहान अक्षर, मग मोकळी जागा, मग मराठीसाठी ‘एम-ए-आर’ ही तीन अक्षरे. भाषा सांगितली नाही तर टेसरॅक्ट इंग्रजी गृहीत धरते आणि शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी पानातून रोमन अक्षरांचा कचरा काढून देते. आता पुष्कळशा देखण्या टंकांत लहान ‘एल’, मोठा ‘आय’ आणि एक हा आकडा यांत काडीचाही फरक नसतो. तिघेही एकेक उभी काडी. आज्ञांसाठी काढलेल्या चांगल्या टंकांत ‘एल’ला शेपूट असते, एकला चोच आणि बूड असते, शून्याच्या पोटात टिंब किंवा तिरपी रेघ असते. आकर्षकता हवी तर ती येथे आहे: कोणत्या टंकात कोणती दोन चिन्हे एकमेकांपासून स्पष्ट वेगळी दिसतात, हे पाहण्यात. पण चौकटीच्या सावलीची गडदता ठरवण्यात अर्धा तास घालवणारे लोक टंक मात्र आधीच निवडलेला असेल तो वापरतात.

आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप येतील त्यांतला एकच गंभीर आहे. नवखा माणूस काळ्या पडद्याला भितो. त्याची भीती घालवायची तर पान प्रसन्न नको काय? हवे. पण भीती कशाची आहे ते पाहा. आपण काहीतरी बिघडवू, आणि काय बिघडवले ते आपल्याला कळणारही नाही, ही ती भीती आहे. काय टंकायचे, काय टंकायचे नाही, आणि टंकल्यावर काय दिसेल, हे नि:संदिग्ध सांगणारे पान तिच्यावर उतारा होऊ शकते. जांभळी झाक होऊ शकत नाही. दुसरा आक्षेप घेणारे म्हणतात की आयते उचलू देऊ नये, हाताने टंकल्याशिवाय विद्या येत नाही. शिक्षक म्हणून आम्हांला हे पटते, आणि म्हणूनच ‘एल’ला शेपूट हवे. तिसरा पक्ष साधेपणाच्या कैवाऱ्यांचा: कशाला हव्यात खुणा, मजकूर सरळ ओतावा. हे आमचे मित्र वाटतात, पण नव्हेत. लांब आज्ञा पानाच्या रुंदीत मावली नाही की आपोआप तुटते. ती तुटली ती आज्ञेने की कडेने, हे साध्या ओतलेल्या मजकुरात कळत नाही. शेलमध्ये ओळ तोडायची तर शेवटी बॅकस्लॅश द्यावा लागतो, आणि त्या बॅकस्लॅशनंतर चुकून एक मोकळी जागा राहिली तरी जोड निखळतो. अशा ठिकाणी खूण न करणे म्हणजे साधेपणा नव्हे, आळस आहे.

मराठीच्या बाबतीत एक अडचण अशी आहे की तिची दखल इंग्रजीत लिहिणारे घेत नाहीत आणि मराठीत लिहिणारे ती लपवतात. कमांड लाइनचा पडदा हा चौकोनांचा तक्ता आहे, प्रत्येक चौकोनात एक अक्षर. देवनागरी त्या तक्त्यासाठी घडलेली नाही. अनेक टर्मिनलांत वेलांटी आपल्या व्यंजनापासून सुटते, जोडाक्षरे फुटून हलन्त उघडे पडतात, काने भलत्याच अंतरावर जाऊन उभे राहतात. आत साठवलेला मजकूर शुद्धच असतो. बिघडते ते दर्शन. उदाहरण देणाऱ्याला हे विद्रूप वाटते, म्हणून तो यंत्राचे उत्तर स्वतः पुन्हा टंकून, छान टंकात बसवून छापतो. ही साक्षीत केलेली फेरफार आहे. आमचा विद्यार्थी घरी तीच आज्ञा देतो, त्याच्या पडद्यावर मोडकी अक्षरे येतात, आणि पुस्तकात तर सुरेख दिसले होते म्हणून तो आपल्या शुद्ध फाइलीला बिघडलेली समजून दुरुस्त करायला लागतो. मोडके दिसते तर मोडके छापावे आणि खाली कारण सांगावे.

राहता राहिला तो आरंभीच्या चिन्हाचा प्रश्न, आणि तो दिसतो त्याहून अवघड आहे. डॉलरचे चिन्ह आज्ञेसोबत उचलले गेले तर शेल ‘डॉलर नावाची आज्ञा सापडली नाही’ म्हणून तक्रार करते; हा अपघात किरकोळ. पण आज्ञा दुसऱ्या ओळीवर गेली की शेल आरंभी ‘>’ असे टोकदार चिन्ह दाखवते, आणि तेच चिन्ह माणसाने टंकले तर त्याचा अर्थ होतो ‘पुढच्या नावाच्या फाइलीत ओत’. म्हणजे ती दुसरी ओळ चिन्हासकट उचलून चिकटवली आणि तिच्या आरंभी एखाद्या फाइलीचे नाव असले, तर त्या फाइलीतला मजकूर क्षणात रिकामा. ‘येथे फाइलीचे नाव घाला’ हे सांगायला जे टोकदार कंस वापरतात त्यांचीही हीच कथा; शेलला ते कंस दिसत नाहीत, आत घेण्याची आणि बाहेर ओतण्याची आज्ञा दिसते. म्हणून काही लेखक आरंभीची चिन्हे सरसकट काढून टाकतात.

हेही आम्हांला मान्य नाही, कारण त्या चिन्हाखेरीज यंत्राचे मौन दाखवता येत नाही. युनिक्सची रीत अशी की काम निर्वेध झाले तर बहुतेक आज्ञा काहीच बोलत नाहीत, आणि ग्रेपला शब्द सापडला नाही तर तीही काहीच बोलत नाही. नुसते पुढचे डॉलरचिन्ह येऊन थांबते. चिन्हे काढून टाकलेल्या उदाहरणात हे मौन आणि लेखकाने गाळलेले उत्तर यांत फरक उरत नाही. उपाय आहे, आणि तो कठीणही नाही: चिन्ह दाखवावे, फिके दाखवावे, आणि मजकूर उचलताना ते हाती येणार नाही अशी तजवीज करावी. एवढी सोय आजच्या कोणत्याही मांडणीत करता येते. ती करणारे थोडे आहेत.

या मौनात काय दडलेले असते ते मराठीच्या अभ्यासकाने विशेष जाणून घ्यावे. ‘तऱ्हा’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये निदान दोन प्रकारे लिहिलेला आढळतो: एकात खाली टिंब असलेले ‘ऱ’ हे वेगळे अक्षर आणि त्यावर हलन्त, दुसऱ्यात नेहमीचा ‘र’, हलन्त आणि मागे एक न दिसणारे जोडचिन्ह. तिसराही प्रकार संभवतो, साधा ‘र’ आणि सुटा नुक्ता. पडद्यावर सारे एकसारखे. आज्ञेतला शब्द एका प्रकारचा आणि फाइलीतला दुसऱ्या प्रकारचा असला की ग्रेप गप्प राहते, आणि विद्यार्थी आपल्या प्रबंधात लिहितो की अमुक लेखकाने हा शब्द वापरलेलाच नाही. ‘मराठी मजकुरात शब्द कसा शोधावा’ हे सांगणाऱ्या उदाहरणाखाली यातला कोणता प्रकार टंकला आहे, हे सांगणारी एक ओळ असली पाहिजे. तिला जागा पुरत नसेल तर वरचे तीन ठिपके काढावेत.